खेळाडू-चाचणी (व्हिडिओ गेम)

खेळाडू-चाचणी म्हणजे व्हिडिओ गेम तयार होत असतानाच तो बाहेरच्या खेळाडूंकडून खेळवून घेणे, त्यांच्या वर्तनाचे निरीक्षण करणे आणि त्या निरीक्षणाच्या आधारे गेमच्या रचनेत बदल करणे ही पद्धत होय. खेळाडू कोठे अडला, काय विसरला, कशाने कंटाळला हे निरीक्षणातून कळते; तो तसा का वागला याचे उत्तर शोधताना मानसशास्त्राची मदत घेतली जाते. हे ज्ञान खेळाडूचा आनंद वाढवण्यासाठी जसे वापरता येते, तसेच त्याला पडद्यापुढे खिळवून ठेवून पैसे खर्च करायला लावण्यासाठीही वापरता येते. त्यामुळे अलीकडच्या काळात हा विषय कायद्याच्या कक्षेतही आला आहे.

खेळाडू-चाचणी आणि दोष-चाचणी यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. दोष-चाचणीत प्रशिक्षित कर्मचारी गेममधील तांत्रिक चुका शोधतात: पात्र भिंतीतून आरपार जाते काय, गेम मध्येच बंद पडतो काय, इत्यादी. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुण्यातील स्टुडिओत गेमनिर्मितीबरोबर या प्रकारचे कामही चालते. खेळाडू-चाचणीचा प्रश्न निराळा असतो. गेम तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही तो खेळणाऱ्याला समजतो काय आणि खेळावासा वाटतो काय, हे तिला पाहायचे असते.

चाचणीची गरज

गेमचा रचनाकार स्वतःच्या गेमचा चांगला परीक्षक होऊ शकत नाही. कोणते दार कसे उघडते हे त्याला ठाऊक असते आणि ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्याची कल्पना करणे माणसाला फार अवघड जाते. मानसशास्त्रात या दोषाला ‘ज्ञानाचा शाप’ असे म्हणतात. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला तो परिचयाचा आहे. धडा ज्याला पाठ असतो, त्याला विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे विद्यार्थ्याच्या वहीत डोकावल्याशिवाय कळत नाही.

खेळाडूला नुसते विचारूनही भागत नाही. चाचणीसाठी बोलावलेला माणूस भिडेखातर गेम चांगला असल्याचे सांगतो किंवा न जमल्याचा दोष स्वतःकडे घेतो. अडचण सांगितली, तरी तिचे कारण त्याला अचूक सांगता येईलच असे नाही. म्हणून तो काय म्हणतो यापेक्षा त्याचे हात काय करतात, याकडे निरीक्षक अधिक लक्ष देतात.

आरंभीची उदाहरणे

अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा गेम १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात प्रायोगिक तत्त्वावर ठेवण्यात आला. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अभियंता ॲलन ॲल्कॉर्न याने जाऊन पाहिले, तेव्हा नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे यंत्र अडले होते. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी आदल्या वर्षी रचलेला ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा गेम मात्र अनेकांना समजलाच नव्हता. दोहोंतील फरक गिऱ्हाइकांनी दाखवून दिला. पण त्यामागे अजून कोणतीही पद्धत नव्हती.

निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या गेमचा पहिला टप्पा आजही अभ्यासला जातो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या रचनाकारांनी त्यात लेखी सूचना दिलेली नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. साहजिकच खेळाडू उजवीकडे जातो. पुढे एका ठोकळ्यातून अळंबे बाहेर पडते, नळीला आपटून परत फिरते आणि मारिओच्या दिशेने येते. नवखा खेळाडू त्याला शत्रू समजून उडी मारतो. पण डोक्यावरच्या विटांना आपटून बहुधा त्याच अळंब्यावर पडतो. मारिओ मोठा होतो आणि अळंबे हितकारक आहे हे कळते. त्यानंतर समोरासमोर दोन जिने येतात. पहिल्या जोडीच्या मधोमध जमीन आहे, दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा आहे. खड्ड्यावरून मारायच्या उडीचा सराव आधी निर्धोक जागी होतो.

हाफ-लाइफ आणि हेलो ३

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या गेमच्या निर्मितीत खेळाडू-चाचणीला मध्यवर्ती स्थान मिळाले. कंपनीतील केन बर्डवेल यांनी ही प्रक्रिया पुढे एका लेखात सविस्तर सांगितली आहे. बाहेरून आलेल्या खेळाडूला गेमपुढे बसवले जाई आणि त्या भागाचे रचनाकार मागे बसून टिपणे काढत. त्यांना बोलण्यास मनाई होती. खेळाडू वीस मिनिटे एकाच खोलीत चकरा मारत राहिला, तरी उत्तर सुचवायचे नाही. हा नियम कठोर वाटेल, परंतु पद्धतीचा सगळा कणा तोच आहे. गेम विकत घेणाऱ्याच्या घरी मागे रचनाकार बसलेला नसतो. दोन तासांच्या एका सत्रातून दुरुस्तीची शंभराच्या आसपास कामे निघत. अशी दोनशेहून अधिक सत्रे झाली. रचनाकारांतील वादही त्यामुळे मिटत. कोणाची कल्पना सरस यावर तास घालवण्याऐवजी पुढच्या खेळाडूची वाट पाहिली जाई.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने याला मोजमापाची जोड दिली. ‘हेलो ३’ (२००७) साठी सुमारे ६०० खेळाडूंच्या ३,००० तासांहून अधिक खेळाची नोंद ठेवण्यात आली. कोण कोठे मेला, किती वेळात किती अंतर चालला हे नकाशावर रंगांनी दाखवले जाई. एका टप्प्यात खेळाडूंच्या गोळ्या वारंवार संपत असल्याचे दिसले. चित्रफिती पाहिल्यावर कारण उमगले: ते फार दूरच्या शत्रूंवर गोळ्या वाया घालवत होते. अधिक गोळ्या देणे हा सरळ उपाय झाला असता. रचनाकारांनी त्याऐवजी शत्रू टप्प्यात आल्यावरच नेमबिंदू लाल होईल अशी व्यवस्था केली. आकड्यांनी अडचण दाखवली, पण कारण माणसाला पाहूनच कळले.

मानसशास्त्रीय आधार

या क्षेत्रात सर्वाधिक उल्लेखली जाणारी संकल्पना मिहाय चिक्सेंटमिहाय यांची आहे. १९७० च्या दशकात त्यांनी चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू आदींच्या अनुभवांचा अभ्यास केला. आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस कामात इतका रमतो की त्याला वेळेचे भान राहत नाही. आव्हान जास्त झाले तर चिंता आणि कमी पडले तर कंटाळा येतो. या अवस्थेस त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘प्रवाह’ असा होतो; मराठीत तिला तल्लीनावस्था म्हणता येईल. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या आत्मनिर्धारण सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा सिद्धान्त व्हिडिओ गेमला लावून पाहिला.

डॅनियल कानेमन आणि एमोस त्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार गेमरचनेला फारच उपयोगी पडला आहे: तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) च्या पूर्वचाचणीत बराच वेळ सलग खेळणाऱ्याला मिळणारे अनुभव-गुण निम्मे होत. लोकांनी अधूनमधून विश्रांती घ्यावी हा त्यामागचा चांगला हेतू होता. परंतु चाचणीतील खेळाडूंना ती शिक्षा वाटली. निर्मात्यांनी मग घटलेल्या दरालाच ‘सामान्य’ म्हटले आणि आधीच्या दराला विश्रांतीनंतर मिळणारे दुप्पट बक्षीस ठरवले. हिशेब मूलतः तोच राहिला, पण नाराजी ओसरली.

‘सिव्हिलायझेशन’ या गेमचे जनक सिड मायर यांनी २०१० मधील एका व्याख्यानात असाच अनुभव सांगितला. लढाईत बळाचे प्रमाण तीनास एक असेल, तर गणिताप्रमाणे बलवान बाजूने चारांतून एकदा हरायला हवे. खेळाडूंना हे मान्य नव्हते. तिप्पट बळ असताना पराभव त्यांना अन्याय वाटे. आपण दुबळे असताना मिळालेला विजय मात्र त्यांना मुळीच खटकत नसे. अखेर गणित माणसाच्या समजुतीकडे झुकवावे लागले. खेळाडूला खूश करण्यासाठी संभाव्यतेचा नियम मोडावा काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि त्यावर रचनाकारांत एकमत नाही.

वर्तनातून घडलेली रचना

व्हॉल्व्हच्याच ‘पोर्टल’ (२००७) या गेममध्ये एक जड ठोकळा लांबच्या टप्प्यात शेवटपर्यंत सोबत न्यावा लागतो. चाचणीतील खेळाडू तो वाटेत सोडून पुढे जात आणि मग अडत. रचनाकारांनी ठोकळ्यावर हृदयाची चित्रे काढली आणि तो खेळाडूचा सोबती असल्याचे सांगणारे संवाद घातले. एकाकी माणूस निर्जीव वस्तूवरही जीव लावतो, ही कल्पना लेखक एरिक वोल्पॉ यांना कैद्यांच्या चौकशीविषयीच्या सरकारी कागदपत्रांच्या वाचनातून सुचली होती. टप्प्याच्या शेवटी तो ठोकळा भट्टीत टाकावा लागतो. खेळाडूंना त्याचे खरोखरच वाईट वाटले आणि एका व्यावहारिक अडचणीवरचा उपाय गेमचा सर्वाधिक लक्षात राहणारा प्रसंग ठरला.

जेनोवा चेन यांच्या ‘जर्नी’ (२०१२) या गेममध्ये दोन अनोळखी प्रवासी वाळवंटात भेटतात. त्यांनी एकमेकांना साहाय्य करावे अशी अपेक्षा होती. पण सुरुवातीच्या आवृत्तीत धक्का देण्याची सोय होती आणि खेळाडू एकमेकांना संकटात ढकलत. चेन यांनी त्यामागे दुष्टपणा पाहिला नाही. नव्या जगात आलेला माणूस लहान मुलासारखा असतो, ज्या कृतीला सर्वांत मोठा प्रतिसाद मिळतो तीच तो पुन्हा करतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. धक्क्याची सोय काढून टाकण्यात आली. जवळ आल्यावर दोघांच्याही गळपट्ट्यांत उडण्याची शक्ती भरेल अशी रचना केली, आणि तेच लोक एकमेकांजवळ राहू लागले.

मर्यादा

चाचणीच्या खोलीत माणूस तासा-दोन तासांसाठी येतो. पन्नास तासांनंतर उलगडणारा आनंद तिथे दिसत नाही. जपानी कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘डेमन्स सोल्स’ (२००९) हा अतिशय अवघड गेम सोनीचे शुहेई योशिदा यांनी प्रकाशनापूर्वी सुमारे दोन तास खेळून पाहिला. आरंभीचा भागही पार न झाल्याने त्यांनी तो टाकाऊ ठरवला. सोनीने तो अमेरिकेत स्वतः प्रकाशित केला नाही. दुसऱ्या कंपनीने केला आणि त्यातून गेमचा एक नवा प्रकारच रूढ झाला. प्रत्येक अडथळा गुळगुळीत करत गेल्यास असे गेम निर्माणच होणार नाहीत, हा आक्षेप त्यामुळे वजनदार ठरतो.

गैरवापर आणि कायदा

इंटरनेटशी जोडलेल्या मोबाइल गेममध्ये चाचणी प्रकाशनानंतरही थांबत नाही. खेळाडूंचे दोन गट पाडून प्रत्येकाला निराळी रचना दाखवली जाते आणि कोणत्या गटातील अधिक लोक दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी परतले हे मोजले जाते. मनुष्य आनंदाने परतला की सवयीने, हे त्या आकड्यात उमटत नाही. हाफ-लाइफच्या चाचणीत मागे बसलेल्या माणसाला खेळाडूचा चेहरा दिसत होता. इथे तो कोणालाच दिसत नाही.

बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते की बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर कृती सर्वाधिक चिकाटीने केली जाते. जुगाराची यंत्रे या तत्त्वावर चालतात. पैसे देऊन उघडायच्या आणि आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या ‘लूट बॉक्स’ या पेट्यांचेही तेच आहे. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या गेममधील अशा पेट्या जुगारविषयक कायद्याचा भंग करतात असा निष्कर्ष काढला.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स हिच्याशी तडजोड जाहीर केली. बटणांची मांडणी गोंधळात टाकणारी असल्याने एका बटणाच्या दाबाने नकळत खरेदी होते, असा आयोगाचा आरोप होता. वस्तू नुसती पाहू जाणाऱ्याच्या किंवा झोपी गेलेला गेम जागा करणाऱ्याच्या खात्यातूनही पैसे जात. ग्राहकांना परत देण्यासाठी कंपनीने २४ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले आणि खेळाडूच्या स्पष्ट संमतीविना रक्कम आकारण्यास तिला मनाई करण्यात आली.