शालेय सुधारणेचा अभ्यास (लेखांक 4) : पाचवीपासून की सहावीपासून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार सहावी ते आठवी हा पूर्व माध्यमिक टप्पा आहे, आणि पाचवी त्याआधीच्या पूर्वतयारीच्या टप्प्यात येते. गोव्याच्या खेड्यांत मात्र मुलाची शाळा पाचवीलाच बदलते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. डिचोली, पेडणे, सत्तरी या तालुक्यांच्या वाड्यावाड्यांवर शिक्षण पोचले ते या शाळांमुळे. यांतल्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. पुढे मूल हायस्कुलात जाते आणि तेथे माध्यम बहुधा इंग्रजी असते. ओळखीच्या एक-दोन शिक्षकांऐवजी प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक येतो. इमारत, भाषा, शिक्षक आणि सोबती एकाच वर्षी बदलतात.

डिचोली तालुक्यातील सुर्ला गाव समोर ठेवून पूर्व माध्यमिक सुधारणेच्या संशोधनाची आखणी करताना पहिला निर्णय याच बदलाबाबत घ्यावा लागतो. मोजणी सहावीपासून सुरू केली, तर सर्वांत मोठा बदल तिच्याबाहेर राहतो. सहावीत गणितात मागे पडलेले मूल गणितात कच्चे आहे, की इंग्रजीत मांडलेला प्रश्नच त्याला कळत नाही, हे मग उलगडत नाही. धोरणातील विभागणी काहीही असो, गोव्यात असा अभ्यास चौथीच्या अखेरीपासूनच सुरू व्हायला हवा.

त्यानंतर प्रश्न अरुंद करावा. ‘सुधारणेचा परिणाम काय झाला?’ या प्रश्नाला कोणत्याही आकड्याने उत्तर देता येत नाही, कारण बदल अनेक आहेत. सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना 2021 मध्ये आली; पाठोपाठ नव्या धोरणाची अंमलबजावणीही सुरू झाली. मोजता येण्यासारखा प्रश्न असा असू शकतो : चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना सहावीतील शाब्दिक उदाहरणे मराठीत आणि इंग्रजीत घातली, तर त्यांच्या उत्तरांत किती अंतर पडते, आणि आठवीपर्यंत ते कमी होते का?

उपलब्ध माहितीची मर्यादा आधीच ओळखावी. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 2021 मध्ये तिसरी, पाचवी, आठवी व दहावीचे झाले. डिसेंबर 2024 मधील ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीचे. दोन्ही नमुना सर्वेक्षणे, त्यामुळे एका गावाविषयी ती काहीच सांगत नाहीत. शिवाय आधीची पाचवी आणि नंतरची सहावी शेजारी मांडून प्रगती काढणे चुकीचे ठरते. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीसंचात पट, शिक्षक आणि सुविधा यांची नोंद असते. मुलाला काय येते, ते त्यात नसते. या नोंदी काढताना शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकच वापरावा, कारण सुर्ला नावाचे दुसरे गाव सत्तरीतही आहे.

खरी अडचण नमुन्याची. एका गावातली मुले थोडी, आणि चौथीनंतर तीही निरनिराळ्या हायस्कुलांत पांगतात. काही तर पहिलीपासूनच ‘बालरथ’ या शालेय बसमधून दूरच्या शाळेत जातात. म्हणून शाळेऐवजी मुलाचा माग ठेवावा, आणि पाळी, वेळगे ही शेजारची गावे जोडून घ्यावीत. कुटुंबाच्या मिळकतीची नोंद टाळता येणार नाही. या पट्ट्यात खाण 2012 मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि 2018 मध्ये पुन्हा थांबली. खनिज वाहणाऱ्या ट्रकावर चालणाऱ्या घरांनी मुलांच्या शाळेचा निर्णय या चढउतारांतच घेतला असणार. तुलनेसाठी पेडणे घेतले, तर तेथे पर्यटन आणि मोपाचा विमानतळ आहे. दोन तालुक्यांतील गुणांचा फरक थेट शाळेच्या खाती घालणे दोन्हीकडच्या शिक्षकांवर अन्याय करणारे होईल.

चौथी ते आठवी हा माग चार वर्षांचा होतो. हाती दोनच वर्षे असतील, तर चौथीचा एक गट आणि सहावीचा दुसरा गट एकाच वेळी घेऊन दोन्हींचा पाठपुरावा करावा. चाचणीची तारीख सर्वांना एकच ठेवू नये : 2025 साली सहावीपासूनचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले, खालचे जूनमध्ये. शिकवून किती महिने झाले, हे धरून चाचणी घ्यावी, आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा वगळावा.

सुधारणा तपासताना परीक्षेकडेही पाहावे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी सुरू झाला आणि 2002 पर्यंत चालला. त्यात पुस्तक, शिक्षक-प्रशिक्षण आणि परीक्षेची पद्धत तिन्ही बदलली होती. वर्गात प्रयोग आणि परीक्षेत घोकंपट्टी असे राहिले, तर प्रयोगाचा परिणाम गुणांत दिसणारच नाही.

शिक्षण संचालनालयाची परवानगी आणि पालकांची संमती घेतल्यावरही मुलाचा स्वतःचा होकार लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांवरील मुलांसाठी तशी तरतूद आहे. लहान गावात नाव वगळून भागत नाही; इयत्ता, वाडा आणि वडिलांचा व्यवसाय सांगितला की मूल कोणाचे ते कळते. म्हणून छापील अहवालात आकडे तालुक्याच्या पातळीवर द्यावेत, आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत गावकऱ्यांना एकूण निष्कर्ष तोंडी, मराठी-कोकणीत सांगावेत.