गोळी दिली, तरी जंत का?

भिंगारमध्ये कुत्रं पाळणाऱ्या घरांना जंताची गोळी काही नवी नाही. पिल्लू घरी आलं की पहिली गोळी, मग दर तीन महिन्यांनी एक, हा हिशेब बहुतेकांच्या तोंडी असतो. एवढं करूनही एखादं पिल्लू अंग धरत नाही, हिरड्या पांढरट दिसतात, शी काळी आणि चिकट होते. मग कोणी म्हणतं गोळी नकली निघाली, कोणी म्हणतं याला आता औषधाची सवय झाली. औषधाला न जुमानणारे जंत ही खरी आणि गंभीर गोष्ट आहे. पण तिच्याभोवती इतके गैरसमज आहेत, की जंत मारण्यासाठी आपण जे करतो त्यातल्या काही गोष्टींनी चिवट जंतच तेवढे मागे राहतात आणि वाढतात.

‘कुत्र्याला औषधाची सवय झाली’

सवय कुत्र्याला होत नाही. बदलतो तो जंत. इथे मुख्य प्रश्न हुकवर्मचा, म्हणजे अंकुशकृमीचा आहे. हा जंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा असतो आणि आतड्याच्या अस्तराला दातांनी धरून रक्त पितो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. एवढ्या मोठ्या प्रजेत काही मोजक्या जंतांच्या जनुकांत असा बदल असतो, की औषधाने जिथे चिकटायचं ती जागाच वेगळी झालेली असते. फेनबेंडॅझोल, फेबँटेल, अल्बेंडॅझोल ही एका कुळातली औषधं. जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून ती त्याला मारतात. त्या प्रथिनाच्या साखळीतलं १६७व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललं, की या कुळातल्या सगळ्याच औषधांची पकड सुटते. गोळीने बाकीचे जंत मरतात, हे उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. म्हणूनच जन्मात एकही गोळी न घेतलेल्या पिल्लाला मातीतून असा जंत लागू शकतो, आणि मग त्याची पहिलीच गोळी वाया जाते.

हे कसं घडतं याचा सगळ्यात स्पष्ट दाखला शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत मिळाला. ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला नेलेल्या ग्रेहाउंडच्या हुकवर्मवर पायरँटेल हे दुसऱ्या कुळातलं औषध चालत नसल्याची नोंद १९८७ साली झाली. २००७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथेही तेच दाखवलं. मग २०१९मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या रे कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी त्याहून वाईट बातमी दिली. पायरँटेल, फेनबेंडॅझोलचं कुळ आणि आयव्हरमेक्टिनचं कुळ या तिन्हींना पुरून उरणारे हुकवर्म त्यांना सापडले होते. शर्यतीची कुत्री दाटीने एकत्र राहतात, वाळूच्या आवारात फिरतात आणि सगळ्यांना वर्षानुवर्षं, फार थोड्या अंतराने औषध दिलं जातं. चिवट जंत घडायला याहून सोयीची जागा नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०१८च्या मतदानाने या शर्यतींवर बंदी आली, २०२०च्या अखेरीस शर्यती थांबल्या, निवृत्त कुत्री लोकांनी मायेने दत्तक घेतली आणि त्यांच्या पोटातले जंतही घरोघरच्या अंगणांत पोचले. आता तो जनुकीय बदल तिथल्या साध्या घरगुती कुत्र्यांतही आढळतो.

‘हे अमेरिकेत; आपल्याकडे काय?’

चिवट जंत घडण्याची ही रीत आपल्या जिल्ह्याला अगदी जवळून माहीत असायला हवी. दिवाळीनंतर पारनेर-नगरकडचे धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमाँकस हा जंत त्यांचा जुना वैरी. या जंताने औषधांना दाद न देण्याच्या नोंदी भारतात १९७०च्या दशकापासून आहेत आणि आज त्या अनेक राज्यांतून येतात. कारणंही तीच: कळपातल्या सगळ्यांना एकदम औषध, तेच औषध पुन्हा पुन्हा, आणि वजनाचा अंदाज कमी धरून पाजलेला अपुरा डोस. मेंढीचा हिमाँकस कुत्र्याच्या पोटात वसत नाही, त्यामुळे कळपातला चिवटपणा थेट कुत्र्यात येत नाही. पण एका जनावरात ज्या चुकांनी औषधं बोथट झाली, त्याच चुका दुसऱ्यात करत राहिलो तर निकाल वेगळा लागण्याचं कारण नाही.

‘गोळीनंतर जंत दिसले, म्हणजे औषध निकामी’

बहुतेक वेळा असं नसतं, आणि इथे घाई करू नये. हुकवर्मच्या काही अळ्या आतड्यात न येता कुत्र्याच्या स्नायूंत झोपून राहतात. गोळी आतड्यातले जंत मारते, या अळ्यांपर्यंत ती नीट पोचत नाही. आतडं रिकामं झालं की त्यातल्या काही जाग्या होऊन तिथे येतात, मोठ्या होतात आणि अंडी पुन्हा दिसू लागतात. कुत्री व्याली की अशाच अळ्या दुधातून पिल्लांच्या पोटात जातात. गोल जंत तर पिल्लांना आईच्या गर्भातच लागतात. त्यामुळे पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत औषध देतात आणि त्याच वेळी आईलाही देतात. आईला वगळलं तर पिल्लांची मेहनत फुकट जाते.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. ते पट्टकृमीचे तुकडे. हा जंत पिसवांतून येतो: कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्या आतली अळी पोटात वाढते. प्राझिक्वांटेलने जंत मेला, पण अंथरुणात पिसवा तशाच राहिल्या, तर महिनाभरात तुकडे पुन्हा हजर. या जंतातही औषध न चालल्याची उदाहरणं अमेरिकेत २०१८मध्ये नोंदली गेली, पण तशा शंकेआधी पिसवांचा बंदोबस्त झालाय का ते पाहावं.

उलटी चूकही तेवढीच मोठी. शीत जंत दिसत नाहीत म्हणून पोट साफ आहे, असं धरून चालतात. हुकवर्म इतका बारीक आणि आतड्याला इतका घट्ट धरून असतो, की तो सहसा बाहेर दिसतच नाही. त्याची अंडी तर सूक्ष्मदर्शकाशिवाय कळतच नाहीत.

‘जास्त वेळा दिली तर नुकसान तर नाही ना?’

नुकसान होतं. औषधाचा मार न खाल्लेले जंत आसपास असतात, तेव्हा त्यांची साधी, औषधाने मरणारी पिल्लावळ चिवट जंतांच्या पिल्लावळीत मिसळत राहते आणि चिवटपणा वरचढ होत नाही. सगळ्या कुत्र्यांना सतत औषध दिलं, की ही भेसळ थांबते. म्हणून गल्लीतल्या टोळीसमोर पावात गोळ्या घालून टाकण्याची पद्धत मला चुकीची वाटते, हेतू कितीही चांगला असला तरी. दांडग्या कुत्र्याने तीन खाल्ल्या, मरतुकड्याने अर्धी चाटली. त्या अर्ध्या डोसात साधे जंत मरतात आणि चिवट तेवढे वाचतात. याचा अर्थ आजारी पिल्लाला तसंच सोडावं असा मुळीच नाही. हुकवर्म लागलेलं लहान पिल्लू रक्त कमी होऊन काही दिवसांत दगावू शकतं. त्याला पकडून, वजन करून, पूर्ण डोस द्यायलाच हवा.

वजन हा इथला कळीचा मुद्दा आहे. बाजारातली नेहमीची तीन औषधांची गोळी, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ मिलिग्रॅम पायरँटेल पामोएट आणि १५० मिलिग्रॅम फेबँटेल, दहा किलो वजनासाठी बनवलेली असते. पंचवीस किलोच्या कुत्र्याला एकच दिली, तर ती निम्म्याहूनही कमी पडली. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहावं, मग एकट्याचं वजन करून वजा करावं. एवढ्यावर काम भागतं.

दर वेळी कंपनी बदलली म्हणजे जंताला चकवा दिला, हीसुद्धा अशीच समजूत. वेष्टन बदलतं, आतलं औषध बहुतेकदा तेच असतं. आणि औषधाचं कुळ आलटून पालटून दिल्यानेही चिवटपणा थांबतो असं नाही. वेगवेगळ्या कुळांची औषधं एकत्र, पूर्ण मात्रेत देणं जास्त परिणामकारक ठरतं.

‘मेंढ्यांचं इंजेक्शन किंवा घरगुती उपाय’

मेंढ्या-गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. कोलीसारख्या काही जातींत एका जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि कुत्रं कोमात जाऊ शकतं. लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आधीच रक्त कमी असलेल्या पिल्लाला तो देणं घातक आहे. वावडिंगाचा मान आयुर्वेदात मोठा आहे, पण कुत्र्यातल्या हुकवर्मवर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

‘तपासणी कशाला, गोळी स्वस्त आहे’

औषध लागू पडलं का, हे सांगणारा मार्ग एकच: औषधाआधी शीतली अंडी मोजायची आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजायची. याहून उशीर केला तर झोपलेल्या अळ्यांतून वाढलेले नवे जंत मोजणीत मिसळतात आणि निष्कर्ष फसतो. औषध चांगलं चालत असेल तर अंडी साधारण ९५ टक्क्यांहून जास्त घटायला हवीत. तेवढी घटली नाहीत, तर डोस आणि वजन आधी तपासायचं, मग डॉक्टर औषधांची जोडी बदलतील. ताजी, लिंबाएवढी शी स्वच्छ डबीत घ्यावी, त्याच दिवशी द्यावी. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही.

उबदार, ओलसर मातीत हुकवर्मच्या अंड्यातून लागण करणारी अळी तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो. ती अळी अनवाणी माणसाच्या कातडीतही शिरते आणि नागमोडी, खाजरी रेघ उमटवते. उन्हाळ्यात भिंगारची कोरडी, तापलेली जमीन तिला मारते. जून ते ऑक्टोबर तिचे दिवस. त्या महिन्यांत अंगणातली शी रोजच्या रोज उचलून टाकली, तर अंडी अळी होण्याआधीच निघून जातात, आणि त्यात चिवट जंताची अंडीही आली.