रंगावरून नर-मादी ओळखता येते काय?

मत्स्यालयातील एका टाकीसमोर आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. आत दोन मासे पोहत आहेत. एक पिवळाधमक आहे. दुसरा निळसर असून त्याच्या अंगावर गडद उभे पट्टे आहेत. हे दोन निराळ्या जातींचे मासे असावेत, असे कोणीही म्हणेल. वस्तुतः ते एकाच जातीचे नर आणि मादी होत. पिवळा तो नर आणि निळी ती मादी. मेट्रिआक्लिमा लोंबार्डोई हे या जातीचे शास्त्रीय नाव. हिची पिले, मग ती नर असोत वा मादी, प्रथम निळीच असतात. वयात येताना नर मात्र पिवळा होतो.

हा मासा आफ्रिकेतील मलावी सरोवरातला. ज्या सिक्लिड कुळात तो मोडतो, त्याच कुळात केरळातील करीमीन, म्हणजेच गोव्यातील कालुंदर, हा मासाही येतो. मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब व ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडांच्या शेकडो जाती राहतात आणि त्यांपैकी बहुतेक जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या जातींना तेथील कोळी ‘म्बुना’ म्हणतात.

म्बुनांमध्ये सामान्यतः नर भडक व मादी फिकी असते; परंतु या नियमाला अपवाद फार. १८९९ साली बूलांजे या शास्त्रज्ञाने वर्णिलेल्या ‘झेब्रा’ जातीचा नर निळा व काळ्या पट्ट्यांचा असतो. मादी मात्र कधी पट्टेदार, कधी निव्वळ नारिंगी, तर कधी नारिंगी अंगावर काळे डाग असलेली आढळते. या डागांचे कारण २००९ साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले. डाग उत्पन्न करणारे जनुक मादीपण ठरविणाऱ्या जनुकाच्या अगदी निकट असते. म्हणून ही दोन्ही बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात. डागांमुळे मादी खडकांत लपून जाते. नराला मात्र ते हानिकारकच. कारण मादीला आकर्षून घेणारा त्याचा रंग त्यांमुळे बिघडतो. असे डागाळलेले नर म्हणूनच विरळा.

याउलट लॅबिडोक्रोमिस सिरुलियस या जातीत नर व मादी दोन्ही पिवळी असू शकतात. गंमत अशी की, ‘सिरुलियस’ याचा अर्थ निळा! या जातीचा पिवळा प्रकार टाक्यांतून सर्वत्र दिसत असला, तरी सरोवराच्या थोड्याच भागात तो आढळतो.

शिवाय रंग स्थिर नसतो. टाकीतील बलवान नर झळकतो. त्याच्या धाकात राहणारा दुसरा नर मादीसारखा फिका दिसतो. बलवानाला बाजूला काढताच दुसऱ्याचा रंग खुलू लागतो. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात, हे खरे. पण ते काही माद्यांतही दिसतात.

मग खात्रीची खूण कोणती? मासा ओल्या हाताने अलगद उलथा धरावा. पोटाखाली दोन छिद्रे दिसतात. पुढचे गुदद्वार, मागचे जननद्वार. मागचे छिद्र स्पष्टपणे मोठे असेल तर ती मादी. दोन्ही जवळजवळ सारखी असतील तर तो नर. हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे. दुसरी खूण त्याहून सोपी. म्बुना मादी आपली अंडी सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते. त्या काळात तिचा गळा फुगलेला असतो व ती बहुधा काही खात नाही.

ही ओळख केवळ हौसेची बाब नव्हे. निकटच्या जातींच्या माद्या परस्परांसारख्या दिसतात. त्या एकाच टाकीत ठेवल्या, तर संकर होऊन मूळ जात त्या टाकीतून नाहीशी होते. म्हणून मासा आणताना त्याची जात व मूळ ठिकाण लिहून ठेवावे.

निसर्गातही असेच घडले आहे. व्हिक्टोरिया सरोवरात काही निकटच्या जातींतील माद्या नराचा तांबडा वा निळा रंग पाहून आपला जोडीदार निवडतात. शेतीतून व वस्त्यांतून वाहून आलेल्या द्रव्यांनी शेवाळ माजले, पाणी गढूळ झाले आणि हे रंग दिसेनासे झाले. जेथे पाणी गढूळ, तेथे माशांचे रंग फिके व जाती थोड्या, असे सीहाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. जाळे न टाकता वा विष न कालवताही जाती अशा एकमेकींत मिसळून लोपू शकतात. सरोवराचे पाणी निर्मळ राखणे हे या माशांच्या रक्षणाचे पहिले साधन आहे, ते याचसाठी.