दूध न सोसणाऱ्या रुग्णांविषयी

रुग्णांच्या दूधवाटपासाठी अनेक दाते आस्थेने देणगी देतात. तथापि दूध सर्वांनाच सोसते असे नाही. त्यातील लॅक्टोज ही शर्करा लहान आतड्यातील लॅक्टेज या विकरामुळे पचते. बालपणानंतर अनेकांत हे विकर घटते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबते व पोटफुगी, जुलाब होतात. ही दुधाची अ‍ॅलर्जी नव्हे. अशा बहुतेकांना थोडे दही-ताक सोसते, कारण विरजणाने लॅक्टोज काहीसे कमी होते. आपल्या चिंचणीकडे नारळाचे दूध हाताशी असते. परंतु त्यात कॅल्शियम व प्रथिने अल्पच. त्यापेक्षा नाचणी बरी: १०० ग्रॅम धान्यात ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तान्ह्या बाळास मात्र आईच्या दुधाऐवजी यांपैकी काहीही देऊ नये. दूधवाटपाच्या देणगीतील काही रक्कम ताक व नाचणीच्या आंबिलीसाठी खर्च करण्यास दात्यांनी संमती द्यावी, ही विनंती.