इनामगावच्या दफनांतून दिसणारा समाज

महेश्वर म्हटले की आपल्याला अहिल्याबाई आठवतात. त्याच महेश्वरासमोर, नर्मदेच्या पैलतीरावर नावडातोली आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि सहकाऱ्यांनी तिथे १९५० च्या दशकात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. ती 'माळवा संस्कृती'ची. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला पहिली वस्तीही याच संस्कृतीच्या लोकांची होती. म्हणजे माळवा आणि महाराष्ट्र यांचा संबंध होळकर-शिंद्यांच्या कितीतरी आधीचा!

डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ही वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. लेखन नाही, नाणी नाहीत. मग या समाजात लहान-थोर कोण, हे कळणार कसे? त्याचे उत्तर बरेचसे दफनांत मिळते.

वेगळे स्मशान नव्हते. मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांसाठी दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत. प्रौढांना खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेला करून निजवत. जवळ अन्नपाण्याची भांडी ठेवत. प्रौढांची पावले मात्र घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने परत येऊ नये म्हणून असे करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

या रिवाजाला एक ठळक अपवाद सापडला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते, त्यालाच धान्याचे कोठारही होते. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याची पावले शाबूत होती. हा गावचा प्रमुख असावा, असे मानले जाते.

इथे लक्षात घेण्याजोगे म्हणजे, हा निष्कर्ष केवळ रांजणावरून काढलेला नाही. घराची जागा, आकार, कोठार आणि पुरण्याची निराळी पद्धत हे सारे एकमेकांशी जुळते, म्हणून त्याला वजन आहे. एकाच नोंदीवरून खाते पारखू नये, हे आम्ही बँकवाले जाणतोच. शिवाय मृत माणूस स्वतःला पुरत नाही. त्याला कोणता मान द्यायचा, हे मागे राहिलेले ठरवतात. म्हणून थडगे जेवढे मृताविषयी सांगते, तेवढेच त्याला निरोप देणाऱ्या गावाविषयीही सांगते.