परसदारीची संक्रांत

मकरसंक्रांतीचे सुगड कसे भरावे, हे परभणी जिल्ह्यातील खेड्यातल्या सुवासिनीला कोणी शिकवावे लागत नाही. हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजराचे तुकडे, बोरे, गव्हाच्या ओंब्या, वालाच्या शेंगा आणि वर तिळगूळ. सूर्यनारायण मकर राशीत केव्हा प्रवेश करणार, हे पंचांगकर्ते गणिताने काढतात आणि आपण ते श्रद्धेने मानतो. परंतु त्या मातीच्या इवल्याशा भांड्यात पडणारा जिन्नस पंचांगातून येत नाही. तो थोडा शिवारातून येतो आणि पुष्कळसा घराच्या मागील दारातून येतो. वाड्याचा पुढील दरवाजा घरधन्याचा असतो. तेथे बैठक असते, पाहुणे असतात, व्यवहार असतो. मागील दार उघडले की जे राज्य लागते, ते मात्र घरच्या लक्ष्मीचे. संक्रांत हा सुवासिनींचा सण आहे, आणि त्या सणाची खरी तयारी या परसदारी होत असते, म्हणून आज थोडे त्याविषयी.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पाण्यावर पोसलेला हा काळ्या मातीचा मुलूख. पौषात येथे थंडी अशी पडते की परभणीचा पारा एखाद्या पहाटे पाच अंशांच्याही खाली उतरतो. ज्वारी हुरड्याला आलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, आणि परसात वालाचा वेल तुराट्यांच्या कुडावरून थेट न्हाणीच्या छपरावर चढलेला असतो. अशा वेळी भोगी येते. वांगी, वाल, पावटा, गाजर, हरभरा आणि त्यात तिळाचे कूट घालून केलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा त्या दिवसाचा नैवेद्य. थंडीच्या दिवसांत अंगात ऊब राहावी म्हणून पूर्वजांनी ही योजना केली असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असेल. पण त्याहून साधी गोष्ट अशी की त्या आठवड्यात परसात जे पिकते, तेच त्या भाजीत पडते. देवाला दूरचे काही लागत नाही.

ही बाग कोणी मुद्दाम आखलेली नसते. धुण्याभांड्यांचे पाणी ज्या बाजूला वाहते तेथे अळू आणि केळ, उन्हाच्या बाजूस मिरची आणि वांगी, कोपऱ्यात शेवगा, देवपूजेसाठी जास्वंद, कण्हेर, झेंडू, आणि मध्ये तुळशीचे वृंदावन. पावसाळ्यात भेंडी लावली जाते. ती बहुधा ‘परभणी क्रांती’ असते. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगाने पूर्वी भेंडीचे ताटवेच्या ताटवे बसत असत. येथील कृषी विद्यापीठातील संशोधकांनी ‘पुसा सावनी’ या वाणाचा भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर करून, त्या रोगाला दाद न देणारा वाण सिद्ध केला आणि तो १९८५ मध्ये प्रसारित झाला. आपल्या जिल्ह्याचे नाव दूरदूरच्या परसांत या भेंडीने नेले, ही अभिमानाची गोष्ट आपण क्वचितच बोलून दाखवतो.

आता या परसातील रहिवाशांकडे वळू. बागेचे आणि कोंबड्यांचे मुळातच वैर. मेथीचे वाफे टाकावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांनी ते उकरून ठेवावेत, हा नित्याचा प्रकार. म्हणून वाफ्याभोवती पऱ्हाट्यांचा कूड घालावा लागतो. परंतु त्याच कोंबड्या वांग्याखालील किडे वेचतात, दाण्यांचे निवडण साफ करतात आणि त्यांच्या विष्ठेचे खत त्याच वाफ्यांना लागते. तेव्हा हे वैर सासू-सुनेच्या वैरासारखे, बाहेरच्याने मनावर न घेण्याजोगे. मांजर कणगीजवळ बसून उंदरांवर नजर ठेवते. मोत्या नाहीतर खंड्या नावाचा कुत्रा दिवसभर उंबऱ्यावर झोपलेला दिसतो, आणि घरातील मंडळी त्याला आळशी म्हणतात. पण रात्री रानमांजर खुराड्याभोवती फिरू लागले की पहिला आवाज त्याचाच. दिवसा घारीची सावली अंगणावरून सरकली की कोंबडी एक निराळाच आवाज काढते, आणि पिले क्षणात तिच्या पंखांखाली नाहीशी होतात.

येथे भाविक वाचकांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. ज्या घरात माळकरी आहेत, ज्या घरात एकादशी चुकत नाही, त्या घराच्या परसात कोंबडी कशी? खेड्यांनी या प्रश्नाचे उत्तर वाद न घालता काढलेले आहे. पुष्कळ घरी कोंबडी परसात राहते आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडीत नाही. अंडे चुलीपाशी जात नाही, ते आठवड्याच्या बाजाराला जाते. काही घरांत कोंबड्या मुळीच ठेवत नाहीत, आणि त्यांच्या निष्ठेचाही आदर केला पाहिजे. मात्र ज्या घरी त्या आहेत, त्या घरी त्यांचे दाणापाणी बघणारी बाई कमी धार्मिक आहे, असे मानण्याचे कारण नाही. पहाटे खुराडे उघडणे, पाणी बदलणे आणि राख टाकून जागा कोरडी करणे ही कामे ती तुळशीला पाणी घालण्यापूर्वी उरकते आणि मग स्नान करून देवापुढे बसते.

या जिल्ह्याला तरी हे नवे वाटू नये. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. नामदेवरायांच्या घरी राहून दळण, झाडलोट, शेणगोवऱ्या अशी कामे त्यांनी केली, आणि त्या कामांत प्रत्यक्ष पांडुरंग हात लावी, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत असे, असे भाविक सांगतात. देव राउळात भेटण्याआधी शेणाच्या उकिरड्यापाशी भेटला, हे त्या कथेतील मर्म आहे. आणि नामदेवांचे गाव नरसी तेही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कोणत्या घरच्या कीर्तनात उभे राहिले नाहीत? कोरडी भाकरी देवा तुझ्या घशाला लागेल, ही त्यांची चिंता. उंबऱ्यावरील खंड्याला शिळा तुकडा फेकताना ही कथा आपल्याला आठवावी, एवढीच अपेक्षा.

आपल्या पंचांगाने घरातील प्राण्यांना मान देण्यात कंजुषी केलेली नाही. बैलाला पोळा, गाईला वसुबारस, नागाला पंचमी. पितृपक्षात कावळा आणि कुत्रा यांचा घास बाजूला निघतो. कोंबडीला मात्र असा दिवस नाही. आणि काळाची गंमत पाहा. २०१९ च्या देशव्यापी पशुगणनेत असे दिसले की आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत देशातील बैल आणि इतर नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला, तर परसातील कोंबड्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींवर गेल्या. ज्याचा सण आपण वाजतगाजत करतो तो दावणीतून उठून चालला आहे, आणि जिच्या नावाचा सण नाही ती परसात वाढते आहे. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले. कोंबडीचे काम घेणारे यंत्र मोठ्या शेडांत आहे खरे, पण ते गरीब घरच्या बाईच्या हातात पैसा देत नाही.

या पैशाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कापसाचा पैसा, सोयाबीनचा पैसा घरधन्याच्या हाती येतो आणि बहुधा येण्यापूर्वीच कोठे जावयाचा ते ठरलेले असते. अंड्यांचा पैसा लहान असतो. गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देते, मध्येच खुडूक बसते, एकवीस दिवस जागची हलत नाही. परंतु तो पैसा तिच्या पदराच्या गाठीला असतो आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारीत नाही. लेकराची वही, माहेरच्या वाटेचे एस. टी.चे तिकीट, देवळातील पेटीत टाकावयाचे नाणे आणि संक्रांतीला लुटावयाचे वाण हे सर्व त्या गाठीतून सुटते. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालते, आणि तेथे नेसत्या लुगड्याहून आपण काय लुटले याला अधिक मोल असते. हल्ली वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याची चाल निघाली आहे. ती फारशी शोभत नाही, पण तेही कोणीतरी आपल्या गाठीच्या पैशानेच आणलेले असतात, म्हणून अधिक बोलत नाही.

२०२१ च्या संक्रांतीला या राज्यावर घाला आला. परभणी तालुक्यातील मुरुंबा या गावी दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मरून पडल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि भोगीला दोन दिवस असताना, ११ जानेवारीच्या सुमारास, बर्ड फ्लूचे निदान झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात त्या हिवाळ्यात हा रोग कोंबड्यांत निश्चित झाल्याच्या पहिल्या बातम्यांत मुरुंब्याचे नाव होते. नियम कठोर असतो. रोग सापडला त्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या नष्ट करावयाच्या, आणि दहा किलोमीटरपर्यंत खरेदी-विक्री व वाहतूक बंद. यात शेडातील हजारो आणि परसातील सहा असा भेद करता येत नाही, आणि करूही नये. विषाणूला कूड दिसत नाही. सरकारी कर्मचारी अंगभर पांढरे पोशाख घालून गावांत फिरत होते, त्या दिवसांत घरोघरी सुगडे रंगवली जात होती.

नुकसानभरपाईचे दर ठरलेले होते. आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, त्याहून लहान पिलाला २० रुपये, अंड्याला ३ रुपये. सरकारने काहीच दिले नाही असे म्हणता येणार नाही. परंतु परसातील कोंबडी जाते तेव्हा एक पक्षी जातो एवढेच होत नाही. दिवाळीच्या सुमारास अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीची पिले संक्रांतीला जेमतेम दीड-दोन महिन्यांची होतात. ती गेल्यावर काही महिने नवी आणता येत नाहीत. मग उन्हाळ्यात पिले आणावीत, ती अंड्यावर यायला सहा-सात महिने लागावेत, म्हणजे पुढची दिवाळी उजाडली. ते सारे वर्ष पदराची गाठ रिकामी. ९० रुपयांत हे वर्ष मोजलेले नसते, आणि कोणत्या दरपत्रकात ते मोजता येईल हेही सांगणे कठीण आहे.

या रोगाची वेळही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो बहुधा हिवाळ्यात येतो, कारण तेव्हा उत्तरेकडचे पाणपक्षी आपल्या तलावांवर उतरतात. आपल्याकडे जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या जलाशयावर पाहुणे पक्षी येतात. त्यांना पाहण्यास जावे, पण तेथील चिखल पायांनी खुराड्यापर्यंत आणू नये. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मेले आणि त्यांतही हाच रोग निघाला. संक्रांतीच्या आगेमागे परसात एखादा कावळा मेलेला दिसला, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोंबड्यांचे पाणी उघड्या डबक्यातले नसावे. बाजारातून आणलेली नवी कोंबडी लगेच घरच्या कळपात सोडू नये, पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावी.

बर्ड फ्लू हा क्वचित येणारा शत्रू. दरवर्षी येणारी मानमोडी मात्र ओळखीची आहे. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि आठवड्यात खुराडे ओस पडते. तिच्यावर लस आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमारास टोचणी. एका घराने लस दिली आणि शेजारच्या दहा घरांनी दिली नाही, तर रोग गावात राहतोच. म्हणून सगळ्या गल्लीने एकच दिवस ठरवावा. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे. विचारावयास दूर जावे लागत नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या सुवासिनींनी तिळगूळ वाटता वाटता तो दिवस ठरवला, तर पुरुषमंडळींची सभा भरण्याची वाट पाहावी लागणार नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत. देवीने किंकरासुराला मारले तो दिवस. त्या दिवशी नवे काम काढू नये, प्रवासास निघू नये, असा आपल्याकडे संकेत आहे, आणि खेड्यांत तो कसोशीने पाळला जातो. दळण आदल्या दिवशीच झालेले असते. सुगडे देवापाशी असतात, ववसा झालेला असतो. खुराड्याचे दार मात्र किंक्रांतीलाही उजाडता उजाडताच उघडावे लागते, कारण आतून आवाज सुरू झालेला असतो.