साडेसात की साडेआठ?

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. अब्बांचे एक जुने सोबती दुपारी अल्लाहला प्यारे झाले. दोघांनी इचलकरंजीत एकाच कारखान्यात, एकाच पाळीत वीस वर्षं माग चालवले होते. रात्री साडेसातला जनाजा असल्याचा निरोप फोनवर आला. आम्ही तो अब्बांना सांगितला. म्हणजे, चप्पल पायात घालता घालता, दाराकडे तोंड करून सांगितला. अब्बा म्हणाले, "हो, हो."

अब्बा सव्वाआठला त्या मोहल्ल्यात पोहोचले, तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. त्यांनी 'साडेआठ' ऐकलं होतं. इशानंतर असेल, असा मनाशी हिशेबही जुळवला होता. सोबत्याला माती द्यायची राहून गेली.

घरी आल्यावर ते कुणावर रागावले नाहीत. नुसते बसून राहिले. रागावले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

खुणा चार-पाच वर्षांपासून दिसत होत्या. टीव्हीचा आवाज वाढला होता. फोन आला की अब्बा तो अम्मीच्या हातात द्यायचे. ईदला घर भरलं की कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळे हसले की हसायचे. मागून केलेल्या सलामाला जवाब मिळाला नाही म्हणून गल्लीतले एक गृहस्थ आम्हाला म्हणाले होते, "तुमचे अब्बा हल्ली मोठे झालेत!" आम्ही म्हणायचो, वय झालं. दुसऱ्यांदा "काय?" विचारलं की आम्ही चिडून म्हणायचो, "राहू द्या, काही नाही." या 'काही नाही'ने माणूस घरात बसून घराबाहेर पडतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

आवाज येतो, शब्द येत नाही

महिनाभराने अब्बाच म्हणाले, "चला, कान दाखवून येऊ." मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला, पडदा पाहिला. मग ऑडिओलॉजिस्टने आवाजबंद खोलीत बसवून चाचणी घेतली. बारीक-जाड आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. त्यातून एक आलेख निघतो. अब्बांचा आलेख जाड आवाजांना बऱ्यापैकी सरळ होता आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात उतरत होता.

तो खड्डा मागांनी खणला होता. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला तर कानाला इजा होते. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज ९० च्या पुढेच असतो. अब्बांनी तिथं तीस वर्षं काढली, कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यात वयाची भर पडली. मालेगाव-भिवंडीच्या कितीतरी घरांत असे अब्बा असतील.

आ, ए, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. स, श, फ, ठ, ख यांत बारीक आवाज जास्त असतो, आणि आधी तोच गळतो. 'सात'मधला 'स' गळाला की उरतं 'आत'. मेंदू ते 'आठ' करून घेतो. म्हणून अब्बा म्हणायचे, "आवाज येतो रे, पण तुम्ही पुटपुटता." आणि म्हणूनच ओरडून उपयोग होत नव्हता. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' होता तिथंच राहतो.

ड्रॉवरमधलं यंत्र

दोन्ही कानांना यंत्रं घेतली. चष्मा लावला की लगेच दिसतं, तसंच लगेच ऐकू येईल अशी आमची कल्पना होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत अब्बांनी यंत्रं काढली. भांडी डोक्यात आपटतात, नळ धो धो वाहतो, स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, ही त्यांची तक्रार. यंत्रं ड्रॉवरमध्ये गेली. आठ दिवसांनी अम्मी म्हणाली, "त्या ड्रॉवरात तुमची कवळी आहेच. आता कानही ठेवा. मी कुणाशी बोलू?"

आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. तिथल्या बाईंनी समजावलं की बिघाड यंत्रात नाही. इतकी वर्षं मेंदूने हे आवाज ऐकलेलेच नाहीत. कोणता कामाचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे त्याला पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यांनी आवाज कमी करून दिला. पहिल्या आठवड्यात घरात, शांत वेळी दोन तास आणि एकाच माणसाशी गप्पा. मग टीव्ही, मग गल्ली, मग मशीद. लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. तीन वेळा जाऊन सेटिंग बदलून घेतलं. दुसऱ्या महिन्यात अब्बा एकदा दचकून म्हणाले, "हे काय वाजतंय?" भिंतीवरचं घड्याळ होतं.

वुजू, टोपी आणि गळाभेट

काही अडचणी आपल्या घरांतल्याच असतात, त्या कोणत्या पुस्तिकेत सापडत नाहीत. वुजूच्या आधी यंत्र काढून डबीत ठेवायचं, कान आणि कानामागची जागा नीट पुसूनच परत घालायचं. अब्बा एकदा डबी हौजाच्या कट्ट्यावर विसरले. मुअज्जिनसाहेबांनी ती घरी आणून दिली. तेव्हापासून डबीवर फोन नंबर चिकटवलेला आहे. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवायची. घाम आणि पावसाळी हवा हे यंत्राचे मोठे शत्रू. बटणासारख्या सेलवरचा कागद काढला की तो वापरात नसला तरी उतरू लागतो, म्हणून लागेल तेव्हाच काढायचा.

लोकरी टोपी कानावर ओढली की यंत्र शिट्टी मारतं. ईदच्या गळाभेटीतही मारतं, कारण कानाजवळ काही आलं की बाहेर पडलेला आवाज परत आत शिरतो. ओढणी घेणाऱ्या आया-बहिणींना कापडाची सळसळ ऐकू येते. यंत्र घ्यायला जाताना ओढणी घेऊन, टोपी घालूनच जावं आणि तिथंच करून पाहावं. मशिदीत आवाज घुमतो, त्यामुळे लाउडस्पीकरखाली बसण्यापेक्षा इमामसाहेबांचा चेहरा दिसेल अशी पुढची जागा बरी. फजरसाठी घड्याळाची बारीक टिटी ऐकू येत नसेल तर उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर मिळतो.

घेताना

यंत्रं काही हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत मिळतात. महाग तेच चांगलं असं नाही. आलेखाप्रमाणे जुळवलेलं आणि नंतर सेटिंग करून देणारा माणूस जवळ असलेलं यंत्र चांगलं. जाहिरातीतलं, सगळेच आवाज सरसकट वाढवणारं यंत्र घेऊ नका. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून सरकारी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या गरजूंना केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

एक सावधगिरी. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर यंत्राचा विचार नंतर, आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथं उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत मिळण्याची संधी कमी होते.

उरलेलं अर्धं काम

यंत्राने अब्बांचं अर्धं काम केलं. उरलेलं आमचं होतं. आता आम्ही दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. आधी समोर येतो, मग बोलतो. ओरडत नाही, सावकाश बोलतो. समजलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलतो. दस्तरखानावर बसताना टीव्ही बंद असतो. 'काही नाही' हे उत्तर घरातून हद्दपार केलं आहे. नातवंडंसुद्धा आता मोठ्यांना टोकतात.

गल्लीतल्या त्या गृहस्थांना आम्ही जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. आता ते समोर येऊन सलाम करतात, आणि अब्बा कधी कधी मागूनही ओळखतात. लग्नाच्या गोंगाटात मात्र अजून शब्द निसटतात, तिथं ते सरळ सांगतात, "मला कमी ऐकू येतं, इकडे बघून बोला." हे वाक्य म्हणायला त्यांना यंत्र घालण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

सोबत्याचा जनाजा काही परत येणार नाही. अब्बा अधूनमधून जुम्म्यानंतर कब्रस्तानात जाऊन त्यांच्यासाठी दुआ करून येतात.

आणि निरोप आला की आम्ही चप्पल काढून आत जातो, त्यांच्यासमोर बसतो.

"साडेसात," आम्ही म्हणतो.

"साडेसात," अब्बा म्हणतात.